गार्डन ट्रॅक्टरच्या हायड्रोस्टॅटिक ट्रान्समिशनमध्ये कोणते ऑइल भरावे?

कुंपणाकाठी

नमस्कार. माझ्याकडे नुकताच एक वापरलेला, हायड्रोस्टॅटिक ट्रान्समिशनचा (म्हणजे इंजिनची शक्ती ऑइलच्या दाबाने चाकांपर्यंत नेणारा) गार्डन ट्रॅक्टर आला आहे. आधीच्या मालकांकडे माहितीपुस्तिका नव्हती. ट्रान्समिशनमध्ये कोणते ऑइल भरलेले आहे आणि ते शेवटचे कधी बदलले, हेही त्यांना सांगता आले नाही. इंजिन उत्तम आहे, गवताची कापणीही व्यवस्थित होते. मात्र बराच वेळ काम करून यंत्र तापले की चढावर त्याची ओढ कमी होते. पेडल पूर्ण दाबले तरी ट्रॅक्टर रेंगाळतो, आणि थंड झाल्यावर पुन्हा पहिल्यासारखा चालू लागतो. सपाट जागेवर हा फरक फारसा जाणवत नाही.

ऑइल बदलायचे हे नक्की आहे, पण कोणते भरायचे याबाबत जितक्या जाणकारांना विचारले तितकी वेगळी उत्तरे मिळाली. एकांनी २०डब्ल्यू-५० इंजिन ऑइल भरायला सांगितले, म्हणजे तापल्यावरही ते पातळ होणार नाही. दुसऱ्यांच्या मते ट्रान्समिशन हायड्रॉलिक दाबावर चालत असल्याने ६८ नंबरचे हायड्रॉलिक ऑइलच योग्य. तिसऱ्यांनी मोठ्या ट्रॅक्टरचे वेट ब्रेक ऑइल सुचवले, तर चौथ्यांनी सरळ ९० नंबरचे गिअर ऑइल. दुकानातल्या डब्यांवर पाहावे, तर बहुतेकांवर ‘सर्व ट्रॅक्टरांसाठी’ असेच छापलेले असते.

सध्याचे ऑइल डिपस्टिकवर गडद तपकिरी दिसते आणि त्याला किंचित जळकट वास आहे, पण ते दुधाळ झालेले नाही. ट्रान्समिशनच्या तळाला ड्रेन प्लग आहे आणि बाजूला फिरवून काढता येणारा फिल्टर आहे. ब्रेक ट्रान्समिशनच्या आत आहे की बाहेर, हे मला ओळखता आलेले नाही. या चारांपैकी कोणते ऑइल घ्यावे, आणि त्याहून महत्त्वाचे म्हणजे ते कोणत्या कारणाने घ्यावे, हे कृपया समजावून सांगावे.

यंत्रवेध

आपण कारण विचारलेत हे फार बरे झाले, कारण नुसते नाव सांगणारे उत्तर आपल्या यंत्राला लागू पडेल की नाही हे सांगणाऱ्यालाही माहीत नसते. आपल्याला मिळालेली चारही उत्तरे कुठल्या ना कुठल्या ट्रॅक्टरसाठी बरोबर आहेत. फक्त ती एकाच ट्रॅक्टरसाठी बरोबर असू शकत नाहीत.

सर्वांत आधी ट्रान्समिशनच्या केसिंगवरची प्लेट किंवा स्टिकर शोधा. गार्डन ट्रॅक्टर बनवणाऱ्या पुष्कळ कंपन्या ट्रान्समिशन स्वतः बनवत नाहीत. ते दुसऱ्याच उत्पादकाकडून तयार येते आणि त्यावर त्या उत्पादकाचा मॉडेल क्रमांक असतो. बॉनेटवरच्या नावापेक्षा हा क्रमांक अधिक उपयोगी आहे. उदाहरणार्थ, हायड्रो-गिअर या उत्पादकाच्या बऱ्याच युनिटांना २०डब्ल्यू-५० इंजिन ऑइलच सांगितलेले असते. टफ टॉर्कच्या अनेक युनिटांना ५डब्ल्यू-५० सिंथेटिक चालते. तर कुबोटाच्या ट्रॅक्टरांना कंपनीचे स्वतःचे यूडीटी किंवा सुपर यूडीटी जातीचे ऑइल लागते, आणि जॉन डिअरच्या मोठ्या गार्डन ट्रॅक्टरांना जे२०सी किंवा जे२०डी या मानकांचे. बाहेरून पाहता सगळी हायड्रोस्टॅटिकच, पण आतली रचना निराळी असल्यामुळे ऑइलही निराळे.

आता आतल्या रचनेकडे येऊ. हायड्रोस्टॅटिक ट्रान्समिशनमध्ये एक पंप आणि एक मोटर असते. पंपातले पिस्टन एका तिरक्या प्लेटवर सरकत फिरतात. आपण पेडल दाबता तेव्हा या स्वॉशप्लेटचा कोन बदलतो, त्यानुसार ऑइलचा प्रवाह कमी-जास्त होतो आणि मोटर हळू किंवा जोरात फिरते. पिस्टन आणि त्याचे सिलिंडर यांच्यामध्ये रबरी सील नसतो. मिलिमीटरच्या हजारांश भागांत मोजावी लागणारी फट आणि त्या फटीतला ऑइलचा थर, एवढ्यावरच दाब टिकतो. त्यामुळे या यंत्रात ऑइल हेच शक्ती वाहून नेते, तेच वंगण असते, तेच उष्णता बाहेर काढते आणि सीलचे कामही काही अंशी तेच करते.

यापुढचा प्रश्न असा की पंप-मोटरशिवाय त्याच ऑइलमध्ये आणखी काय काय बुडलेले आहे. बहुतेक युनिटांमध्ये शेवटचे गिअर आणि डिफरन्शियल (वळताना दोन्ही चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारी गिअरची जोडणी) त्याच केसिंगमध्ये असतात, म्हणजे दातांवरचा भार पेलण्याची ताकदही त्याच ऑइलात असावी लागते. आणि काहींमध्ये ब्रेकच्या चकत्याही त्याच ऑइलात असतात. अशा वेट ब्रेकला घर्षण नेमके ठेवणारे ॲडिटिव्ह लागते. ते नसेल तर ब्रेक लावताना चकत्या अडकत-सुटत घासतात आणि घरघर किंवा कर्कश आवाज येतो. ते प्रमाणाबाहेर असेल तर ब्रेक घसरतो. मोठ्या ट्रॅक्टरांसाठीचे यूटीटीओ, ज्याला आपण वेट ब्रेक ऑइल म्हणतो, ते पंप, गिअर आणि ब्रेक या तिघांचा एकत्र विचार करूनच बनवलेले असते.

या कसोटीवर आपले चार पर्याय पाहू. ६८ नंबरचे साधे हायड्रॉलिक ऑइल पंपापुरते चांगले आहे, पण त्यात गिअरच्या दातांसाठी पुरेसे संरक्षण नसते आणि वेट ब्रेकसाठी तर काहीच नसते. ज्यात पंप आणि टाकी स्वतंत्र असतात अशा लोडर किंवा प्रेसमध्ये ते शोभते. सामाईक केसिंगमध्ये नाही. ९० नंबरच्या गिअर ऑइलला माझा स्पष्ट विरोध आहे, विशेषतः ते जीएल-५ प्रतीचे, म्हणजे जास्त भारासाठी तीव्र ॲडिटिव्ह घातलेले, असेल तर. त्यातील गंधक-फॉस्फरसयुक्त ॲडिटिव्ह तापल्यावर पितळ आणि कांस्य यांवर हल्ला करू शकतात, आणि पंपाच्या आत नेमके हेच धातू असलेले भाग असतात. हाताने बदलायच्या गिअरबॉक्सला जीएल-४ प्रतीचे ऑइल सांगितलेले असेल तर तो विषय वेगळा.

म्हणजे खरी निवड यूटीटीओ आणि इंजिन ऑइल या दोहोंतच उरते. ब्रेक आत असेल तर यूटीटीओ. ब्रेक बाहेर असेल आणि उत्पादकाने इंजिन ऑइल सांगितले असेल तर निःशंकपणे इंजिन ऑइल. त्यात झिजेपासून वाचवणारे झिंक ॲडिटिव्ह आणि मळ धरून ठेवणारे डिटर्जंट असतात, त्यामुळे ते कमी प्रतीचे आहे असे मुळीच समजू नये. ब्रेकचा पत्ता लावण्यासाठी ब्रेकच्या पेडलची काडी कुठे जाते ते पाहा: केसिंगच्या बाहेर शाफ्टवर चकती आणि तिला धरणारा चिमटा दिसला तर ब्रेक बाहेर आहे, काडी केसिंगमधून आत जाणाऱ्या छोट्या दांड्याला जोडलेली असेल आणि बाहेर चकती कुठेच नसेल तर बहुधा तो आत आहे.

राहिला प्रश्न तापल्यावर ओढ जाण्याचा. ऑइल बदलण्याआधी दोन गोष्टी तपासाव्यात, असे माझे कळकळीचे सांगणे आहे. ट्रान्समिशनच्या वर एक लहान प्लास्टिकचा पंखा असतो, त्याची पाती तुटलेली आहेत का ते पाहा. आणि केसिंगच्या फिन्समध्ये (उष्णता बाहेर टाकणाऱ्या उभ्या पट्ट्यांमध्ये) वाळलेल्या गवताचा आणि धुळीचा घट्ट थर बसलेला आहे का, तेही पाहा. हा थर पुष्कळदा इतका चिवट झालेला असतो की तो केसिंगचाच भाग वाटतो आणि लाकडी काडीने खरवडल्याशिवाय निघत नाही. अशा आच्छादनाखाली कोणतेही ऑइल तापणारच. ढोबळ नियम असा आहे की प्रत्येक १० अंश सेल्सिअस वाढीला ऑइल खराब होण्याचा वेग साधारण दुप्पट होतो, आणि आपल्या ऑइलच्या जळकट वासामागे हे एक कारण असू शकते. ट्रान्समिशन फिरवणारा पट्टाही पाहून घ्या. तापलेला, गुळगुळीत झालेला पट्टा घसरला तरी लक्षणे अगदी अशीच दिसतात आणि दोष ऑइलला लागतो.

स्निग्ध

यंत्रवेध यांच्या म्हणण्याशी मी पूर्ण सहमत आहे. घट्टपणाच्या, म्हणजेच व्हिस्कॉसिटीच्या आकड्यांबद्दल थोडी भर घालतो, कारण आपल्याला मिळालेल्या सल्ल्यांमधला बराचसा गोंधळ या आकड्यांमधूनच आलेला आहे.

डब्यावरचे ३०, ५०, ६८ आणि ९० हे आकडे एकाच मोजपट्टीवरचे नाहीत. ६८ हा आयएसओ व्हीजी या पद्धतीचा आकडा आहे आणि तो ४० अंश सेल्सिअसला ऑइलची व्हिस्कॉसिटी सुमारे ६८ सेंटिस्टोक (हे घट्टपणाचे एकक) आहे एवढेच सांगतो. इंजिन ऑइलचे ३० किंवा ५० हे एसएई या वाहन-अभियंत्यांच्या संस्थेचे वर्ग आहेत आणि ते १०० अंशांना मोजतात: ३० या वर्गाला ९.३ ते १२.५ सेंटिस्टोक, आणि ५० या वर्गाला १६.३ ते २१.९. गिअर ऑइलचे ९० हीदेखील एसएईचीच, पण तिसरी मोजपट्टी आहे. १०० अंशांना ते १३.५ ते १८.५ सेंटिस्टोकमध्ये बसते. म्हणजे ९० नंबरचे गिअर ऑइल हे ५० नंबरच्या इंजिन ऑइलपेक्षा जवळपास दुप्पट घट्ट असते, ही समजूत चुकीची आहे. दोन्ही साधारण सारखीच असतात. ९० ला नकार द्यायचा तो त्यातील ॲडिटिव्हमुळे, आकड्यामुळे नव्हे.

आता आपल्या उपयोगाची तुलना. नेहमीच्या प्रतीचे यूटीटीओ ४० अंशांना सुमारे ६० आणि १०० अंशांना सुमारे ९.५ सेंटिस्टोक असते. साधे ६८ नंबरचे हायड्रॉलिक ऑइल ४० अंशांना ६८ असते, पण १०० अंशांना ते साधारण ८.७ वर उतरते. म्हणजे गार असताना जे ऑइल अधिक घट्ट वाटते, तेच तापल्यावर अधिक पातळ होते. ६५ अंशांच्या आसपास दोघांची बरोबरी होते आणि त्यापुढे यूटीटीओ सरस ठरते. उलट सकाळी १० अंश तापमानात यंत्र सुरू केले तर यूटीटीओ सुमारे ३०० सेंटिस्टोक असेल आणि ६८ नंबरचे सुमारे ४४०. दोन्ही टोकांना हायड्रॉलिक ऑइलच मागे पडते. तापमानाबरोबर ऑइल किती कमी बदलते, हे दाखवणारा व्हिस्कॉसिटी इंडेक्स नावाचा एक आकडा उत्पादकाच्या माहितीपत्रकात दिलेला असतो. साध्या हायड्रॉलिक ऑइलचा तो १०० च्या आसपास असतो आणि चांगल्या यूटीटीओचा १३० च्या पुढे. डब्याच्या दर्शनी भागावर तो क्वचितच छापतात, म्हणून माहितीपत्रक मागून घ्यावे.

‘सर्व ट्रॅक्टरांसाठी’ या शब्दांना काहीही किंमत देऊ नका. डब्याच्या मागच्या बाजूला बारीक अक्षरांत मानकांची यादी असते, ती वाचा. जे२०सी, मॅसी फर्ग्युसनचे एम११४५, फोर्ड न्यू हॉलंडचे एम२सी१३४-डी, कुबोटाचे यूडीटी अशी नावे तेथे सापडतील. ‘या मानकाची पूर्तता करते’ आणि ‘या मानकाच्या जागी वापरता येते’ ही दोन विधाने सारखी नाहीत. पहिल्यात उत्पादक मानकातल्या अटी पाळल्याची जबाबदारी घेतो, दुसऱ्यात तो केवळ शिफारस करतो. एसटीओयू असे लिहिलेले दिसले तर ते इंजिनालाही चालणारे सामाईक ऑइल असते. सामाईकपणासाठी त्यात काही तडजोडी केलेल्या असतात, म्हणून ट्रान्समिशनला स्वतंत्र यूटीटीओ घेणे मला अधिक योग्य वाटते.

आणि ज्या डब्यावर फक्त ‘३०३’ हा आकडा मिरवलेला असेल, तो कितीही स्वस्त असला तरी घेऊ नका. ३०३ हे जॉन डिअरचे फार जुने मानक आहे. त्या मूळ ऑइलमध्ये स्पर्म व्हेल माशापासून मिळणारे तेल वापरले जाई, आणि १९७० च्या दशकात अमेरिकेत त्या तेलावर बंदी आल्यावर ते मानकच मागे पडले. कंपनीने पुढे त्या जागी जे२० मालिकेतली मानके आणली. जे मानक आज कोणी तपासतच नाही, त्याच्या नावावर डब्यात काय भरावे याला काही धरबंध उरत नाही. अमेरिकेत या नावाने विकल्या गेलेल्या निकृष्ट ऑइलांवरून ग्राहकांनी खटलेही भरले.

कुंपणाकाठी

दोघांचेही मनापासून आभार. आपण सांगितल्याप्रमाणे पाहणी केली. ट्रान्समिशनवरची प्लेट मागच्या चाकाच्या आतल्या अंगाला, मातीच्या थराखाली सापडली. त्यावरच्या क्रमांकावरून उत्पादकाचा तक्ताही मिळाला. त्यात यूटीटीओ सांगितलेले आहे आणि पर्याय म्हणून १०डब्ल्यू-३० इंजिन ऑइलला फक्त तात्पुरती मुभा आहे. ब्रेकची काडी केसिंगच्या आत जाते आणि बाहेर चकती कुठेच नाही. पंख्याची दोन पाती तुटलेली आहेत, आणि फिन्समध्ये गवताचा थर इतका दाट आहे की आतले धातू दिसत नाही. पट्टा मात्र चांगल्या स्थितीत आहे.

एक शंका अजून उरते. ओढ तापल्यावरच जाते, म्हणजे आत थोडी झीज झालेली असणारच. तसे असेल तर तक्त्यातल्यापेक्षा घट्ट ऑइल, म्हणजे २०डब्ल्यू-५०, घालून ती झीज भरून निघणार नाही का? ओळखीचे एक अनुभवी गृहस्थ अगदी ठामपणे तसेच सांगतात.

जुने_लोखंड

त्या अनुभवी गृहस्थांची बाजू मांडावी असे मला वाटते, कारण त्यांचे म्हणणे अगदीच निराधार नाही. मी जुन्या ट्रॅक्टरांवर काम करतो. झिजलेल्या युनिटात घट्ट ऑइल घातल्यावर तापलेल्या अवस्थेतली ओढ सुधारलेली मी अनेकदा पाहिली आहे. ज्याचे सुटे भागच आता मिळत नाहीत, अशा यंत्राला त्याने आणखी एखादा हंगाम काढता येतो, आणि मालकाला तेवढेच हवे असते. सगळेच उपाय कायमचे असायला हवेत असा आग्रह धरणे मला व्यवहार्य वाटत नाही.

मात्र आपल्या यंत्राला मी तो सल्ला देणार नाही. आपला ब्रेक आत आहे, आणि २०डब्ल्यू-५० मध्ये त्या ब्रेकसाठी काहीही नाही. शिवाय पंखा तुटलेला आणि फिन्स बुजलेल्या असताना ‘आत झीज आहे’ हा निष्कर्ष काढण्याची घाई होते आहे. आधी पंखा बदला, फिन्स स्वच्छ करा, योग्य ऑइल भरा आणि मग चढावर नेऊन पाहा.

जाता जाता पाण्याबद्दल एक सांगतो. कधीमधीच वापरात येणाऱ्या यंत्रात केसिंगच्या आत दव धरते आणि ते पाणी ऑइलात उतरते. इंटरनॅशनल हार्वेस्टरच्या जुन्या कब कॅडेट ट्रॅक्टरांसाठीचे हाय-ट्रॅन नावाचे ऑइल नावाजले गेले ते यामुळेच: थोडे पाणी ते स्वतःमध्ये धरून ठेवते, तळाशी साचू देत नाही. आपले ऑइल दुधाळ नाही ही चांगली खूण आहे, पण थोडे पाणी डोळ्यांना दिसत नाही. खात्री करायची असेल तर तापलेल्या लोखंडी पट्टीवर जुन्या ऑइलचा एक थेंब सोडा. पाणी असेल तर तो तडतडतो. चष्मा घालून आणि तोंड लांब ठेवूनच हे करावे.

यंत्रवेध

जुने_लोखंड यांनी अतिशय समतोल लिहिले आहे. घट्ट ऑइलने झीज का भरून निघत नाही, याचे गणित तेवढे मांडतो, म्हणजे त्या गृहस्थांशी बोलताना आपल्याला उपयोगी पडेल.

पिस्टनच्या बाजूच्या फटीतून होणारी गळती ऑइलच्या घट्टपणाच्या व्यस्त प्रमाणात असते, पण फटीच्या रुंदीच्या घनाच्या प्रमाणात वाढते. ऑइल दुप्पट घट्ट केले तर गळती निम्मी होते. फट दुप्पट झाली तर मात्र गळती आठपट होते. ८० अंशांना यूटीटीओ साधारण १५ सेंटिस्टोक असते आणि २०डब्ल्यू-५० साधारण ३२, म्हणजे फार तर दुपटीची मदत मिळते. झीज थोडी असेल तर एवढ्याने ओढ परत आल्यासारखी वाटते, आणि झीज पुढे चालूच राहिली की ती मदत लवकरच अपुरी पडते.

या मदतीची किंमत गार असताना मोजावी लागते. १० अंशांना २०डब्ल्यू-५० सुमारे १००० सेंटिस्टोक असते, यूटीटीओच्या तिपटीहून जास्त. मुख्य पंपाला ऑइल पुरवणारा छोटा चार्ज पंप ते फिल्टरमधून ओढून घेतो. ऑइल फार घट्ट असेल तर ओढ अपुरी पडते, ऑइलात पोकळीचे बुडबुडे तयार होतात आणि दाबाखाली ते फुटताना धातूचे बारीक टवके उडवतात. सुरू करताक्षणी येणारा आणि थोड्या वेळाने थांबणारा किणकिणाट किंवा घूं-घूं आवाज ही त्याची खूण असते. ज्या उत्पादकाने २०डब्ल्यू-५० च सांगितले आहे त्याने शोषणाचे मार्ग त्या घट्टपणासाठी आखलेले असतात. आपल्या युनिटात तसे नाहीत.

तेव्हा आपण यूटीटीओच घ्यावे, जे२०सी किंवा आपल्या तक्त्यातल्या मानकाची पूर्तता करणारे. जेथे थंडी कडक असते तेथे जे२०डी सारख्या पातळ प्रतीचा विचार करावा लागतो. आपली अडचण उष्णतेची आहे, त्यामुळे तो प्रश्न येत नाही.

बदलताना काही गोष्टी सांभाळा. यंत्र थोडे चालवून ऑइल कोमट करा, म्हणजे तळाचा मळ त्याच्याबरोबर वाहून येईल. ड्रेन प्लग काढण्याआधी भरण्याच्या जागेचे झाकण उघडेल याची खात्री करून घ्या. ते गंजून बसलेले असेल तर रिकामे ट्रान्समिशन घेऊन बसावे लागते. झाकणाभोवतीची माती पुसल्याशिवाय ते उघडू नका. या यंत्रात वाळूचा एक कण जे नुकसान करतो ते चुकीच्या ग्रेडने वर्षभरात होत नाही. जुने ऑइल सगळे निघत नाही, पंप-मोटरमध्ये आणि ॲक्सलच्या कोपऱ्यांत काही राहतेच. आत आधी काय होते हे आपल्याला माहीत नसल्याने नवे ऑइल थोडे दिवस वापरून एकदा पुन्हा बदलावे. पहिल्या खेपेला महागाचे सिंथेटिक घालू नका, ते दुसऱ्या खेपेसाठी ठेवा. निघालेले ऑइल मात्र डब्यात साठवून वापरलेले तेल स्वीकारणाऱ्या केंद्राकडेच द्या, जमिनीवर किंवा गटारात मुळीच नको.

फिल्टर बसतो म्हणून इंजिनचा फिल्टर लावू नका. आट्या जुळल्या तरी आतल्या बायपास व्हॉल्व्हचा (फिल्टर तुंबल्यास ऑइलला वाट देणाऱ्या झडपेचा) उघडण्याचा दाब वेगळा असतो. शोषणाच्या बाजूच्या फिल्टरला तो फार कमी लागतो, नाहीतर चार्ज पंप उपाशी राहतो.

भरून झाल्यावर आतली हवा काढणे आवश्यक आहे. पुढची चाके अडवा, मागची चाके भक्कम आधारावर उचला, आणि ट्रॅक्टर ढकलण्यासाठी जो बायपास दांडा असतो तो उघडा ठेवून इंजिन कमी वेगात चालू करा. पेडल हळूहळू पुढे आणि मागे असे पाच-सहा वेळा दाबा. मग इंजिन बंद करा, बायपास मिटवा आणि चालू करून हेच पुन्हा करा. पातळी खाली गेली असेल तर गार असताना खुणेपर्यंत भरा, वर नाही. तापल्यावर फुगायला जागा लागते, आणि जादा ऑइल घुसळून फेस होतो. आणि हो, बायपास दांडा पूर्ण मिटतो आहे ना, हे नक्की पाहा. तो किंचित उघडा राहिला तरी तापल्यावर चढावर ओढ जाते, आणि सगळे जण ऑइल बदलत बसतात.

कुंपणाकाठी

सर्वांचे पुन्हा आभार. पंखा मागवला आहे, आणि तक्त्यातल्या मानकाचे यूटीटीओ व मूळ फिल्टर घेतो आहे. शेवटचा एकच प्रश्न: ऑइल उतरवताना आतली झीज किती झाली आहे, याचा काही अंदाज घेता येतो का?

जुने_लोखंड

येतो, आणि तो जरूर घ्यावा. जुना फिल्टर टाकून देऊ नका. ऑइल निथळू द्या आणि पत्र्याचे कवच कापून आतला कागद बाहेर काढा. करवतीने कापू नका, तिचाच भुसा आत पडतो आणि मग काहीच कळत नाही. पाइप कापायचे फिरते कटर उत्तम. कागदाची घडी उलगडून उन्हात किंवा बॅटरीच्या प्रकाशात तिरकी धरा. ड्रेन प्लगला चुंबक असेल तर तोही पाहा.

चुंबकावर करड्या लेपासारखा बारीक चुरा असेल आणि बोटांत चोळल्यावर तो खरखरत नसेल, तर ते गिअरच्या दातांचे नेहमीचे झिजणे आहे. पुसून टाका आणि पुढे चला. टोकदार, हाताला लागणारे लोखंडी तुकडे दिसले तर गिअर किंवा बेअरिंगकडे पाहावे लागेल. फिल्टरच्या कागदात सोनेरी-पितळी चकाकणारे कण, जे चुंबकाला चिकटत नाहीत, ते महत्त्वाचे. हे कण पिस्टनच्या टोकाशी असलेल्या, स्वॉशप्लेटवर सरकणाऱ्या भागांचे किंवा व्हॉल्व्ह प्लेटच्या बाजूचे असतात. एखाद-दुसरा कण जुन्या यंत्रात सापडायचाच. घड्याघड्यांमधून ते पसरलेले असतील, तर घेतलेले यूटीटीओ डब्यातच राहू द्या आणि आधी पंप उघडून पाहा.

कुंपणाकाठी

समजले. कटर आहे. फिल्टर कापल्यावर कागदाचे छायाचित्र येथे देतो.

यंत्रवेध

अवश्य द्या. छायाचित्र काढताना कागदाशेजारी पट्टी ठेवा, म्हणजे कणांचा आकार कळेल. आणि जुन्या ऑइलचा एक थेंब पांढऱ्या कागदावर पसरू देऊन त्याचेही काढा.